तीन नंबरची दोरी

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली मी नाही. सासूबाई फोनवर "पोरीची दृष्ट काढ गं" म्हणतात, तेव्हा मी "हो हो" म्हणते आणि डाळीला फोडणी घालते. मी मूळची नाशिकची, आर्किटेक्ट. नवऱ्याच्या नोकरीमुळे नऊ वर्षं कतारमध्ये, अल खोरला. घडलं ते जसंच्या तसं लिहिते. अर्थ तुम्ही लावा... मला लागलेला नाही.

मागे एका बड्या बजेटच्या ऐतिहासिक सिनेमाच्या तयारीत मला काम मिळालं. तेल सापडायच्या आधी इथली माणसं समुद्रातून मोती काढायची, त्यांची गोष्ट. सेट जवळच्याच समैस्मा गावाच्या किनाऱ्यावर. मला त्या मोत्यांच्या होडीचं दीड मीटरचं मॉडेल करायचं होतं — खाली लोंबणारे आठ पाणबुडे आणि वर प्रत्येकाची दोरी धरून बसलेला एकेक माणूस. पाणबुड्याचा श्वास संपत आला की तो कमरेच्या दोरीला झटका देतो आणि वरचा त्याला ओढून घेतो. सगळा जीव त्या झटक्यावर.

सल्लागार म्हणून अबू सालेम नावाचे एक वयस्कर कतारी गृहस्थ रोज यायचे. त्यांचे आजोबा दोरी धरणाऱ्यांपैकी. मी संध्याकाळी मॉडेलच्या दोऱ्या होडीच्या काठाला बांधून जायची, हे सकाळी येऊन सोडून ठेवायचे! मी वैतागले की आपल्या मोडक्या हिंदीत शांतपणे म्हणायचे, "मदाम, दोरी आदमी पकड़ता. लकड़ी नहीं पकड़ता."

एक्स्ट्रांचं कास्टिंगही थोडं माझ्याच गळ्यात पडलं. पाणबुडा म्हणून मी दिगंबरला आणलं. आमच्या कंपाउंडमध्ये एसीची कामं करणारा, मालवणचा, दोन मुलींचा बाप. तिकडे गावी त्याची बायको काळजीत होती, तिला मीच फोनवर सांगितलं, "अगं, मी आहे ना इथे." आणि हा हसत होता. "ताई, तुमी कित्याक घाबरतास? मी पाण्यातच वाढलंय."

त्याची दोरी धरणारा मात्र मी फोटो बघून निवडला. काय दाढी होती त्या माणसाची! पडद्यावर शोभली असती. अबू सालेमनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "दाढी दोरी नहीं खींचता." मी हसले. दिसेल त्यात खोट काढतात म्हणून मी त्यांना मनातल्या मनात 'काकदृष्टी' म्हणत होते, खोटं कशाला बोलू.

कॅमेरा टेस्टच्या दिवशी सगळे समोर समुद्रात, खऱ्या होडीवर. मी किनाऱ्यावरच्या शेडमध्ये, कारण मॉडेलवरच्या तीन नंबरच्या माणसाचा हात मोडला होता आणि तो नवा करायचा होता. त्याची दोरी मोकळीच. "तब तक तुम पकड़ो," अबू सालेम म्हणाले आणि बाहेर गेले. म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा, म्हणून ती दोरी डाव्या तर्जनीला गुंडाळली आणि उजव्या हाताने काम करत बसले.

सकाळचे सव्वाअकरा वाजले असतील. दोरीला झटका बसला.

पंखा बंद होता, दार लावलेलं. टेबलाला कुणाचा धक्का नाही. खालचा बोटभर मातीचा पाणबुडा नुसता लटकत होता. मला वाटलं, आपलाच हात हलला. मग दुसरा झटका बसला... इतका जोरात, की बोटावर वळ उठला. मी काही विचार केला असेल तर शपथ! टेबलावरचा वॉकीटॉकी उचलला आणि ओरडले, "नंबर थ्री खींचो! अभी खींचो!"

तीन नंबर म्हणजे दिगंबर. दाढीवाले महाशय दोरी मांडीखाली दाबून कॅमेऱ्यासाठी डोक्याचं फडकं नीट करत होते. शेजारच्याने दोरी हिसकून ओढली. दिगंबर वर आला तो निळा पडलेला. आमचा सेफ्टी डायव्हर तेव्हा होडीच्या पलीकडच्या बाजूला होता. मेडिकने छाती दाबली, पुन्हा दाबली... आणि तो खोकला. मी वाळूत बसून ढसाढसा रडले. ती दाढी मी निवडली होती.

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये त्याला विचारलं, "दोनदा ओढलीस ना दोरी?"

"नाय, ताई. मी दोरी ओढूकच नाय. डोळ्यांसमोर काळोख इलो. ओढूचा मनात होता, पण हातच हलाक नाय."

नंतर मी ती दोरी बोटाला गुंडाळून तासन्‌तास बसले. टेबल हलवून पाहिलं, पंखा लावून पाहिला. मुलगी म्हणते, "आई, मे बी तुझी पल्स असेल." असेलही. पण पल्सने वळ उठतो का?

अबू सालेमना सगळं सांगितलं. कसं झालं, का झालं, काही विचारलं नाही त्यांनी. एवढंच विचारलं, "तुमने खींचा?"

"खींचा."

त्यांनी आपल्या उजव्या हाताची मूठ वळली आणि तिच्याकडे बघत राहिले. "मेरा दादा एक बार उधर देखा. नहीं खींचा. फिर मरने तक हाथ ऐसा ही रखा. सोता था, तो भी ऐसा."

मॉडेल पूर्ण केलं. तीन नंबरच्या माणसाला दाढी ठेवली नाही.

दिवाळीला दिगंबरच्या बायकोचा फोन येतो. दरवेळी तोच प्रश्न, "ताई, तुमका कसा कळला?" काय सांगू? मला आजही ठाऊक नाही. मी आपलं खरं तेवढंच सांगते — दोरी माझ्या हातात होती.