मुक्कामी गाडी

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, सायकल कधीच भिंतीकडे तोंड करून लावत नाहीत. फाटकातून आत आले की खाली उतरतात, सायकल उलटी फिरवतात, मागे-मागे ढकलत जास्वंदीपर्यंत नेतात आणि तिचं तोंड रस्त्याकडे करूनच स्टँड लावतात. निघताना घंटी दोनदा वाजवतात. मागे बसायला कोणी नसतं, पण टिंग टिंग झाल्याशिवाय पायडल फिरत नाही. सुरुवातीला एकदा मी विचारलं होतं, "मामाजी, घंटी कोणासाठी?" तर म्हणाले, "डबल बेल झाल्याबिगर गाडी हालत नसते बाई. कंडक्टर नाही म्हून काय कायदा बदलते?"

मामाजी एसटीत ड्रायव्हर होते. आख्खं रिसोड त्यांना जानराव डायवर म्हणूनच ओळखतं. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी मुक्कामी गाडीवर काढली. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी निघून शेवटच्या गावाला जाणारी, रात्रभर तिथेच उभी राहणारी आणि सकाळी तिथली पहिली माणसं घेऊन परत येणारी गाडी. ड्रायव्हरनं झोपायचं गाडीतच, नाहीतर ग्रामपंचायतीच्या ओट्यावर. इतर ड्रायव्हर ही ड्यूटी टाळायचे, मामाजी मागून घ्यायचे. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, "माहं लगन माणसाशी नाही लागलं, टाइमटेबलाशी लागलं." मामाजींच्या निवृत्तीपूर्वीच त्या गेल्या. त्यामुळे शाल-नारळ घेऊन मामाजी कायमचे घरी आले तेव्हा घरात बाई माणूस मी एकटीच होते.

आम्ही त्यांच्यासाठी पुढची खोली रिकामी केली होती. नवी गादी, कूलर, भिंतीला गणपतीचं कॅलेंडर. मामाजी दोन दिवस त्या खोलीत झोपले, मग ओसरीत आले, मग अंगणात, आणि शेवटी गच्चीवर. मी म्हटलं, काही चुकतंय का आमचं? म्हणाले, "तुमचं कायचं चुकते? मी डोळे मिटले का ह्या भिंती माह्याकडं पाह्यत बसतात." मग एक दिवस वाशिमला गेले ते गिअरची जुनी सायकल घेऊनच आले. हे, म्हणजे माझे मिस्टर, शाळेत मास्तर आहेत. त्यांना काळजी करायची सवयच आहे. ते म्हणाले, "बाबा, या वयात?" मामाजी म्हणाले, "मी स्टेरिंग सोडलं, रस्ता कुठी सोडला?"

रस्त्याचं हे वेड मला त्यांनीच एकदा समजावून सांगितलं. मी शिलाई मशीनवर बसले होते, ते समोर टायरमध्ये हवा भरत होते. "तीस वर्स रस्ता पाह्यला बाई, पण काचेतून. एखाद्या बाभयीखाली थांबावं असं वाटे. पण मांगं पन्नास माणसं बसेल. कोनाले कचेरी, कोनाले दवाखाना. त्याईची घाई थे माही घाई. आता मले कोनाचीच घाई नाही." नंतर गिअरची दांडी खालीवर करत म्हणाले, "अन् डांबरी तं सरकारची होती. पांदणीत माही गाडी कधी घुसलीच नाही." पांदण म्हणजे शेताशेतांमधून जाणारा बैलगाडीचा रस्ता. ज्या गावांना मामाजींनी आयुष्यभर डांबरी रस्त्यानं माणसं पोचवली, त्या गावांना ते आता पांदणीनं जाऊ लागले.

तयारी आम्ही सगळ्यांनीच केली. धाकट्या दिरानं, मंगेशनं, मोबाइलवरून एक निळा तंबू मागवला, घडी केली की उशीएवढा होणारा. मी ब्लाऊज शिवते, पण त्या आठवड्यात ब्लाऊज बाजूला ठेवून ताडपत्रीची पडशी शिवली. पूर्वी घोड्याच्या पाठीवर टाकायचे तशी, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लोंबणारी. त्यात एक पातेलं, तिखट-मिठाच्या डब्या, पंक्चरचं सामान आणि रोडग्यांचं पीठ. रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे आणि सोबत झणझणीत वांग्याची भाजी, हा मामाजींचा हातखंडा. पीठ मात्र मी मीठ घालून बांधून द्यायचे, कारण त्यांच्या हातानं मीठ कधीच बेतात पडत नाही.

कधी पैनगंगेच्या काठाकाठानं, कधी मानोऱ्याच्या बाजूला तांड्या-तांड्यांवरून, कधी नुसतं हरभऱ्याचं पीक पाहायला. चार-पाच दिवसांनी परत यायचे. रंग रापलेला, पाय टणक, आणि डोळ्यांत असं काही की आपणही दोन दिवस भांडी टाकून जावं असं मला वाटायचं. मंगेशचे मित्र मोटारसायकलला किक मारून दमतात, आणि आमचे मामाजी मानोऱ्याचा चढ बसून चढतात, सीटवरून न उठता. मला याचा फार अभिमान वाटायचा. पण तो सांगायचा कोणाला? लोक तर मला वेगळंच विचारत होते.

त्याचं असं झालं. काही झालंच तर कळावं म्हणून ह्यांनी पडशीवर जाड मार्करनं फोन नंबर लिहिला होता. नंबर माझा, कारण ह्यांचा फोन शाळेत बंद असतो. पहिला फोन एका तांड्यावरून आला. बाई फार मायेनं बोलत होती. "तुमचा बुढा आमच्या तांड्यावर येऊन राह्यला. आमी जेवू घातलं. तुमाले जड झाला असन तं राहू द्या इथंच, आमाले काही जड नाही." दुसरा फोन कुठल्याशा पोलीस पाटलाचा. ते सरळ मुद्द्यावर आले, "बुढ्याचं वावर नावावर करून घेतलं असन न तुमी?" आता आमच्याकडे वावर, म्हणजे शेत, म्हणाल तर जास्वंदीची कुंडी. मी म्हटलं, "अहो, ते फिरायला गेलेत." पलीकडून आवाज आला, "फिराले? सायकलनं? पालात?" आणि फोन बंद. पाल म्हणजे आमचा निळा तंबू.

चूक त्यांचीही नव्हती. आपल्याकडे म्हातारं माणूस घराबाहेर झोपलेलं दिसलं की लोकांना दोनच कारणं ठाऊक असतात, देवधर्म नाहीतर सुनेचा जाच. मामाजींच्या गळ्यात माळ नाही, अंगावर भगवं नाही, ओठांवर नाव गाडीच्या गिअरचं. म्हणजे राहिलं दुसरं कारण. आणि सून तर मी एकटीच.

एकदा ते परत आल्यावर मी चांगलीच वैतागून म्हटलं, "मामाजी, तुम्ही नीट सांगत का नाही लोकांना?" ते म्हणाले, "सांगतो न. कोनं पुसलं का सांगतो, मी मुक्कामी हाव." मग स्वतःच थोडा विचार करून म्हणाले, "पण त्याईले वाटते मी कायमच्या मुक्कामाले आलो." मला हसू आवरेना. एसटीच्या भाषेत मुक्कामी म्हणजे सकाळी परत जाणारा, आणि गावाच्या भाषेत मुक्काम ठोकला म्हणजे आता हा काही हलत नाही. एका शब्दापायी माझी अब्रू गावोगाव टांगली गेली होती.

हसण्यावारी नेण्याचे दिवस मात्र संपले, कारण मंगेशचं लग्न अडलं. त्याचं शेतीच्या औषधांचं दुकान आहे, पोरगा सरळ आहे, पण तीन वर्षं मुली बघून आम्ही थकलो होतो. त्यात किन्हीराजाचं एक स्थळ चांगलं जमून आलं. मुलगी बी.एस्सी. झालेली, मंगेशला आवडलेली, आणि तिलाही तो आवडला असावा. मग अचानक तिकडून निरोप येणं बंद झालं. मध्यस्थानं खोदून विचारलं तेव्हा कळलं, मुलीच्या काकांनी मामाजींना एका पांदणीत पालाबाहेर रोडगे भाजताना पाहिलं होतं. ज्या घरात सासऱ्याचे हे हाल, त्या घरात पोरगी कशी द्यायची?

ह्यांनी मामाजींना समोर बसवलं आणि फिरणं बंद करायला सांगितलं. मला वाटलं होतं, मामाजी उसळतील.  पण त्यांनी तंबूची घडी केली, पडशी झटकून माझ्या हातात दिली, आणि सायकल मागच्या खोलीत नेऊन ठेवली. "माह्यापायी पोराचं अडलं नाही पाह्यजे बाई," एवढंच म्हणाले. त्यानंतर ते आमच्या घरात पाहुण्यासारखे राहू लागले. वेळेवर जेवायचे, वेळेवर खोलीत जायचे, कूलर लावायचे. शेजारीपाजारी म्हणाले, आता कसं सुधारलं सगळं. मला मात्र रडू यायचं. ज्या माणसाबद्दल कधी दया वाटली नव्हती त्याच्याबद्दल ती वाटायला लागली, हे मला सहन होत नव्हतं.

मध्यस्थाच्या आग्रहावरून किन्हीराजाची मंडळी शेवटचं एकदा घर पाहायला आली. मुलीचे वडील गजाननराव, ते पाहणारे काका, आणि आत्या. आत्यानं आधी स्वयंपाकघर पाहिलं, मग मामाजींची खोली. पोहे झाले, चहा आला, आणि मी ट्रे पुढे केला तशी आत्या मला म्हणाली, "खोली हाय, कूलर हाय. मंग तुमचे सासरे बाहेर काहून झोपत होते वं?"

 ह्यांनी घाईघाईनं सांगितलं, "आता त्यांनी ते सगळं बंद केलंय."

"थांब," मामाजी म्हणाले. मग गजाननरावांकडे वळले. "तुमच्या गावाले मुक्कामी गाडी येत होती का नाही?"

"येत होती न. सांजीले येऊन चावडीपाशी उभी राहे."

"रातभर उभी राहे. मंग थे गाडी काय डेपोनं हाकलून देल्ली होती?"

काका हसले आणि लगेच गंभीर झाले. मामाजी पुढे बोलत राहिले. एवढं सलग बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं. "गाडी मुक्कामी कवा राहते? तिले डेपो असते तवा. डेपोत डिझल भरतात, हवा पाह्यतात, अन् मंग पाठवतात. म्हून थे परगावी रातभर बेफिकीर उभी राहते. जिले डेपोच नाही तिले कोनी मुक्कामी नाही म्हनत, भंगार म्हनतात." आणि मग बोटानं माझ्याकडे दाखवलं. "हा माहा डेपो. पडशी हिनं शिवली. पीठ हे बांधून देते. लोकाईच्या शिव्या फोनवर हेच आयकते, अन् मले एका शब्दानं बोलत नाही."

एका शब्दानं बोलत नाही हे साफ खोटं होतं. मी चांगली तास तास बडबडत असे. पण त्या दिवशी मी ती दुरुस्ती केली नाही. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी माझ्या भाजीलासुद्धा कधी बरं म्हटलं नव्हतं. ट्रे हातात धरून मी तशीच उभी राहिले आणि मला वाटलं, आता जिल्ह्यातल्या सगळ्या गावांनी खुशाल फोन करावेत.

गजाननरावांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "पोरगी द्याले आमी तयार हाव. पण एक गोष्ट. किन्हीराजाले आले का आमच्या घरात झोपसान. सोयरा पालात झोपला तं गाव आमच्या तोंडात शेण घालन."

सगळ्यांनी मामाजींकडे पाहिलं. मंगेशचा चेहरा पाहवत नव्हता. नुसतं हो म्हणायचं होतं, आणि सोयरिकीत असे हो शंभर म्हटले जातात.

"थे नाही जमणार," मामाजी म्हणाले.

ह्यांनी डोळे मिटून घेतले. मामाजी शांतपणे म्हणाले, "तुमचं म्हननं खोटं नाही. मी तुमच्याकडंच झोपीन. पण अंगणात. पाल माहं, अंगण तुमचं."

 हळूहळू गजाननरावांच्या मिशा हलायला लागल्या. "अन् रोडगे?"

"रोडगे माहे. वांगे तुमचे."

सोयरीक अशी वांग्यांवर ठरली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आधीच मामाजी सायकल मागच्या खोलीतून बाहेर काढून साखळीला तेल देत होते, आणि मी पीठ बांधायला घेतलं.

लग्न किन्हीराजालाच झालं. नवरदेवाचे वडील वऱ्हाडाच्या आधी दोन दिवस एकटेच सायकलनं पुढे गेले होते. आम्ही जीपमधून उतरलो तर मांडवाला लागून अंगणात निळा तंबू उभा होता, आणि मामाजी गजाननरावांना सायकलवर बसवून गिअर कसा टाकायचा ते शिकवत होते. गजाननरावांचं धोतर साखळीत अडकायच्या बेतात होतं.

मी जरीचं लुगडं सावरत मांडवात शिरत होते, तेवढ्यात एका आजीनं माझा हात धरला. नवरीकडच्या भावकीतली असावी, परगावाहून आलेली. तिला कोण कोणाचं काही ठाऊक नव्हतं. तंबूकडे हात करून हळूच म्हणाली, "माय, थो बुढा कालपासून पालात हाय. मी त्याले आताच पुरनाची पोई नेऊन देल्ली. लई गरीब मानूस वाटते. त्याले कोनी हाय का नाही वं?"

पूर्वीची मी असते तर तिथेच उभी राहून सगळी कथा सांगत बसले असते, खोलीपासून कूलरपर्यंत. मी तिचा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला.

"हाय न आजी," मी म्हटलं. "मी हाव."