नारू तामोऱ्याची राक्षसीण

नारू तामोऱ्याला कल्पनाशक्ती नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ज्याने पुढे कितीतरी वर्षं मुलांच्या पुस्तकांत राजे, राक्षस आणि पऱ्या काढल्या, त्याच्याबद्दल असं बोलणं शोभत नाही, पण खरं ते खरं. पाहिलेली वस्तू तो हुबेहूब उतरवी, न पाहिलेली त्याच्या हातून उमटतच नसे.

डहाणूजवळच्या वरोरला पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की नारळी पौर्णिमेच्या आत त्या रंगवाव्या लागत. ते काम नारूचं. भिकू तांडेलाने एकदा आपल्या होडीवर उधळलेला घोडा मागितला. नारू डहाणू रोडला गेला, स्टेशनाबाहेर टांग्याच्या घोड्यासमोर दिवसभर उकिडवा बसला आणि परत येऊन त्याने तोच घोडा काढला. बरगड्या वर आलेला, डोळे अर्धे मिटलेला, तोंडाला चंदीची पिशवी बांधलेला.

"अरं, ही होडी दर्यात जायची का टेशनावर?" भिकूने कपाळावर हात मारून घेतला.

पण हाच घोडा नारूला फळला. सत्तावन्न साली देवस्थळी नावाचे गिरगावातले प्रकाशक हवापालटाला डहाणूला उतरले होते. पापलेटांच्या शोधात ते वरोरला आले, घोडा पाहिला आणि पोट धरून हसले. मुलांची पुस्तकं छापणारा माणूस, मुलं कशाला भुलतात ते त्यांना बरोबर ठाऊक. जाताना पापलेटं विसरले, पण नारूच्या हातात एक गोष्ट ठेवून गेले. तिच्यात एक राजा होता, खिडकीत बसलेली राजकन्या होती आणि गावावर धाड घालणारी राक्षसीण होती.

नारूच्या डोक्यात त्या दिवसांत गोष्ट नव्हती, हंसा होती. हंसा ही बायजीची मुलगी, आणि बायजी म्हणजे डहाणू रोडच्या मासळीबाजारात जिचा आवाज पार फलाटावर ऐकू येई ती. गिऱ्हाइकाला ती मराठीत बोलावी, गुजरातीत भाव करी आणि ते न घेताच निघालं तर घरच्या अस्सल मांगेलीत त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करी. नवऱ्याला दर्याने नेल्यावर तिने डोक्यावर टोपली घेऊन एकटीने पोरीला वाढवलं होतं, चार यत्ता शिकवलं होतं. दर्यावर जाणाऱ्याला मुलगी द्यायची नाही, एवढं तिने ठरवून ठेवलेलं. वरोरात जमिनीवर पोट भरणारा लग्नाचा मुलगा म्हणजे नारूच. तरी नारूचा बाप रामा मागणी घालायला गेला तेव्हा बायजी नुसतं "बघू" म्हणाली, आणि तेव्हापासून नारूला जेवण जात नव्हतं.

तशातच तो चित्रांना बसला. राजा म्हणून भिकू तांडेल उतरला, मिशांसकट. राजकन्येपाशी मात्र नारू शहाणा झाला. हंसाशिवाय दुसरा चेहरा हातून येणार नाही हे ओळखून त्याने राजकन्या पाठमोरीच बसवली. आता ओळखा म्हणावं! या हुशारीवर तो इतका खूश झाला की राक्षसीण त्याने एका बैठकीत, शीळ घालत काढली. तोंड उघडं, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात कोयता. कुणाकडे पाहून काढली हे त्याने स्वतःला विचारलंच नाही.

ते त्याला पुस्तक छापून आल्यावर कळलं, सगळ्या गावाबरोबर.

शाळेत आलेली प्रत पोरांनी घरोघर फिरवली. भिकू तर कुणी "महाराज" म्हटल्याशिवाय ओ देईना. बाकीचे राक्षसिणीचं पान उघडून तोंडावर हात धरून हसत, आणि बायजी येताना दिसली की पुस्तक पाठीमागे लपवत. नारूने ती प्रत पळवून दर्यात बुडवायचा बेत केला, पण शेजारच्या रखमीला परोपकाराची खाज फार. तिने पुस्तक थेट बायजीच्या टोपलीत नेऊन ठेवलं.

बायजी तशीच नारूच्या अंगणात आली. मागून हंसा आली आणि तिच्या मागून अर्धं वरोर आलं.

"वाच," बायजीने पुस्तक हंसाच्या हातात कोंबलं. "ही कोण?"

हंसाने नारूकडे पाहिलं. पण खोटं बोलणं तिला जमत नसे. "राक्षसीण."

"काय करते?"

"माणसं खाते."

"मंग?"

हंसाने पान उलटलं. तिथे राक्षसीण उताणी पडली होती, जीभ बाहेर. "मंग राजा तिला मारतो."

"भिक्या राजा, न् मी मेली!" बायजी कडाडली. "रामा, तुझ्या पोराला माझी पोरगी नाय. नाय म्हंजे नाय!"

नारूच्या पायाखालची वाळू सरकली. जन्मात त्याला एकच गोष्ट हवी होती, आणि ती त्याच्याच टाकाने मोडली होती. तो चारचौघांत रडला. त्याला हसायचं लोकांनाही सुचलं नाही.

बायजी निघाली. पण भिक्याने आणखी किती पानं अडवलीत ते बघायला तिने चालता चालता पुस्तक चाळलं, आणि पाठमोऱ्या राजकन्येवर तिचं बोट थांबलं. राजकन्येच्या अंबाड्याखाली, डाव्या कानामागे, एक बारीक काळा ठिपका होता. बायजीने ठिपका पाहिला. मग हंसाची मान धरून तिला वळवली आणि तिच्या कानामागे पाहिलं. मग नारूकडे पाहिलं.

खरं तर नारूचं पाप एवढंच, की बोंबील वाळवायच्या वलांडीवर हंसा हात उंचावून बोंबील टांगत असे, तेव्हा मागच्या बाजूला काही ना काही काम काढून तो हटकून असे. पण हे अर्ध्या गावासमोर सांगण्यासारखं नव्हतं.

"शाई सांडली," तो कसाबसा म्हणाला.

"शाईला बरं कळलं, कुठं सांडायचं ते!"

सगळं अंगण हसत सुटलं. हंसा लाजून चूर झाली. बायजी तेवढी हसली नाही. ती कितीतरी वेळ त्या चित्राकडे बघत राहिली. पोरीकडे इतक्या निगुतीने आपल्याशिवाय कुणी पाहिलं नसेल, असंच तिला वाटत आलं होतं.

"हा तीळ मुंबैपावेतो पोचला," ती शेवटी म्हणाली. "आता पोरगी दुसऱ्याला कशी देऊ? रामा, तारीख काढ." आणि जाता जाता वळली. "नारू, एक आईक. मना परत मारायचं नाय."

नारूने ही अट शपथेसारखी पाळली. लग्न झालं, साठ साल उलटलं, देवस्थळींकडून नवनव्या गोष्टी येत राहिल्या. प्रत्येक गोष्टीत राक्षसीण शेवटी मरे, चित्रात मात्र ती काही केल्या मरेना. मजकुरात तिचं मुंडकं उडालेलं असे आणि समोरच्या पानावर ती पाय पसरून तळलेले बोंबील खात बसलेली असे. मुलांना ती भारी आवडे, पण देवस्थळी टेकीला आले. अखेर एक दिवस या प्रकाराचा सोक्षमोक्ष लावायला ते स्वतः गाडीने डहाणू रोडला उतरले.

नारूने वाद घातला नाही. त्याने त्यांना मासळीबाजारात नेलं. बायजी त्या वेळी एका गिऱ्हाइकाला पापलेटाचा भाव समजावून देत होती. देवस्थळी लांबूनच पाहत राहिले. मग त्यांनी नारूच्या खांद्यावर हात ठेवला.

"जिवंतच असू दे," ते हळूच म्हणाले.