गच्चीवरची वीस मिनिटे

“तुम्ही एवढं शिकलेले, तर सांगा बघू. आमच्या वहिनी रोज सकाळी गच्चीवर जाऊन बगळा होतात. त्यांना डॉक्टरांकडे न्यावं, की त्यांच्या पाया पडावं?”

हा प्रश्न मला १९९९च्या फेब्रुवारीत, जिन्यात, हातात दुधाची पिशवी असताना विचारला गेला. विचारणाऱ्या बाई एका शाळेच्या ग्रंथालयात काम करत. त्यांच्या दिवंगत भावाच्या पत्नी, म्हणजे वहिनी, काच कापत. दोघी माझ्या खालच्या मजल्यावर राहत. नंतर जे पाहिले आणि ऐकले त्यावरूनही उत्तर नीट देता येईल असे वाटत नाही.

वहिनींचे यजमान आरसे आणि खिडक्यांच्या कारखान्यात कापणीच्या टेबलावर होते. त्यांच्याकडून वहिनी हे काम शिकल्या आणि त्यांच्या माघारी त्याच टेबलाशी उभ्या राहिल्या. कारखान्याच्या मालकापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणत.

काच खरे तर कापली जात नाही, मोडली जाते. पट्टी लावायची, कटरचे रॉकेलात बुडवलेले इवलेसे चाक एका दमात या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढायचे, आणि रेघ टेबलाच्या कडेवर आणून खाली दाब द्यायचा. ओढ बरोबर असेल तर रेशीम फाटल्यासारखा आवाज येतो. रेघ मध्ये तुटली, किंवा त्याच रेघेवर चाक दुसऱ्यांदा फिरवले, तर काच मन मानेल तिकडे फुटते. “रेघ एकदाच,” हे यजमानांचे वाक्य वहिनी नव्या माणसांना ऐकवत असत.

१९९८च्या नोव्हेंबरात मालक आणि वहिनी एक मोठी काच उचलून नेत असताना ती वरच्या कोपऱ्यातून फुटली. वहिनींच्या उजव्या मनगटावर अकरा टाके पडले. जखम भरली, बोटे पूर्ववत वळू लागली. पण रेघ ओढताना हात अर्ध्यावर थबके आणि चाक उचलले जाई. तीन आठवड्यांत नऊ काचा वाया गेल्या. मालकांनी त्यांना आरशांच्या मागे पुठ्ठे चिकटवायला बसवले.

“वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याच भल्यासाठी.”

“माझं भलं टेबलाशी उभं राहतं, मालक. बसत नाही.”

मालकांनी मान खाली घातली. फुटलेल्या काचेचे दुसरे टोक त्यांच्या हातात होते, हे दोघांनाही आठवत होते. शेवटी ठरले ते असे: जूनमध्ये एका वाचनालयाच्या बारा मोठ्या काचा कापायच्या होत्या. तोवर हात बसला तर टेबल वहिनींचे. नाहीतर दुसरा कापणारा येईल आणि कायमचा येईल.

तळमजल्यावर सत्तरीच्या एक मावशी राहत. इस्पितळाच्या धुलाईखान्यातून निवृत्त झालेल्या आणि डोंगराकडच्या. त्यांच्याकडे चपटा, एकतोंडी ढोल होता, म्हणून सगळी इमारत त्यांना ढोलवाली म्हणे. ढोल त्यांच्या आजीचा. ढोलाच्या ठेक्यावर देह हलवत, पशुपक्ष्यांचे रूप घेऊन दुखण्याचा माग काढणाऱ्यांना अभ्यासक शामान म्हणतात आणि त्यांच्या परलोकप्रवासावर बरेच लिहितात. मावशींना तो शब्द ठाऊक नव्हता. “आजी जायची आणि यायची,” एवढेच त्या सांगत. वहिनी आपले मनगट घेऊन त्यांच्याकडे गेल्या, तेव्हा मावशींनी मनगटाकडे पाहिलेच नाही. त्या म्हणाल्या, “आधी उभी राहा बघू. पाय कुठे आहेत तुझे?”

“हे काय, इथे.”

“मी बघितलं म्हणून तुला कळलं. रोज बघायला मी येणार नाही.”

जानेवारीपासून वहिनींचा नेम सुरू झाला: सकाळी, चहाच्या आधी, वीस मिनिटे. प्रथम अनवाणी उभे राहून तळव्यांखालची फरशी जाणायची. मग चार दिशांना वळायचे आणि प्रत्येक दिशेला जे ऐकू येते, दिसते, ज्याचा वास येतो ते मोजक्या शब्दांत बोलायचे: पाण्याची मोटर, ओला चुना, कुणाचा तरी खोकला. मग एखादा जीव व्हायचे. वहिनींच्या वाट्याला बगळा आला. त्यांनी प्रारंभी मान पुढेमागे करून पाहिली, तेव्हा मावशी म्हणाल्या, “नक्कल नको. बगळ्याला कुठे माहीत असतं आपण बगळा आहोत ते? त्याला पाणी माहीत असतं.” शेवटी परतायचे: स्वतःचे नाव उच्चारायचे आणि दाराच्या कडीला हात लावायचा. हा भाग मावशी कधीही गाळू देत नसत. “परत यायचं नसेल तर जायचंच कशाला?”

वहिनी कोणत्याही परलोकात गेल्याचे त्यांनी कधी सांगितले नाही. त्या गच्चीवर जात आणि गच्चीवरून येत.

रोजच्या नेमाची खूण म्हणून त्या खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूची एक रेघ ओढत. येथे त्यांच्याकडून जी चूक झाली, ती काच कापणाऱ्या माणसाकडूनच होऊ शकते. नेम मध्ये मोडला, कोणी हाक मारली, पाऊल चुकले किंवा एखादा दिवस ताप आला, की त्या सगळ्या रेघा ओल्या फडक्याने पुसून टाकत आणि पहिलीपासून सुरू करत. एकदा एकोणिसावर, एकदा तेविसावर, तर एकदा फक्त चौथ्या दिवशी असे झाले.

“वहिनी, हे काय सापशिडी खेळताय?” नणंदेने विचारले.

“तडा गेलेली काच विकतात का कधी, वन्सं?”

“विकत नाहीत. पण तुम्हाला विकायला काढलंय कुणी?”

एप्रिलच्या मध्यावर मावशी जिना चढून वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या एरवी वर येत नसत. दारामागे सहाच रेघा पाहून त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा मोजल्या.

“चौथा महिना चाललाय ना गं?”

“मध्ये तुटलं, मावशी. तुटलेली रेघ पुढे ओढत नाहीत.”

“कोण म्हणतं?”

“हे म्हणायचे.”

मावशी खुर्चीत बसल्या. “माझी आजी ढोल वाजवता वाजवता मध्येच उठायची. शेळी सुटलेली असायची. शेळी बांधून यायची आणि पुढे वाजवायची.”

“आणि आजारी माणूस?”

“तो पडलेलाच असायचा. कुठे जाणार होता?”

नणंद हसत सुटली. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, “पण पुढे म्हणजे कुठून? पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून कशाला? जिथे उठली तिथून. म्हणून तर पाय कुठे आहेत ते ठाऊक पाहिजे.”

त्या दिवसापासून फडके बंद झाले. नेम चुकला त्या दिवसापुरती दारावर एका रेघेची जागा मोकळी सोडली जाऊ लागली आणि पुढची रेघ तिच्यापलीकडे उमटू लागली. नणंदेच्या ध्यानात गंमत आल्यावर तिने मदतही सुरू केली. वहिनी एका पायावर उभ्या असल्या की ती जिन्यातून ओरडे, “वहिनी, मीठ कुठंय?” वहिनी पाय खाली टेकत, “हिरव्या डब्यात!” असे सांगत आणि त्याच फरशीवर, त्याच पायावर पुन्हा उभ्या राहत. मीठ हिरव्या डब्यातच असते हे नणंदेला वीस वर्षे ठाऊक होते.

जूनच्या दहा तारखेला वाचनालयाची पहिली काच टेबलावर आली. पुढचे वर्णन मालकांनी मला स्वतः सांगितले. वहिनींनी त्यात फारशी भर घातली नाही. वहिनींनी चपला काढल्या. पट्टी मालकांनी धरली. चाक कडेपासून निघाले, आवाज रेशमी होता, आणि मधोमध येऊन हात थांबला. मालकांनी डोळे मिटून घेतले. त्यांना काच फुटण्याचा आवाज अपेक्षित होता; तो आला नाही. त्यांनी डोळे उघडले, तेव्हा वहिनी तशाच वाकून उभ्या होत्या. या खेपेस चाक काचेवरून उचलले गेले नव्हते. त्या पुटपुटत होत्या: “रॉकेल. मागे पंखा. डावीकडे मालक, श्वास धरलाय.”

“सोडू का?” मालकांनी विचारले.

“श्वास सोडा. पट्टी नको.”

मग हात थांबला होता तिथून पुढे गेला आणि पलीकडच्या कडेवरून उतरला. दाब देताच काच सरळ मोडली. मधोमध, जिथे चाक थांबले होते, कडेला मोहरीएवढा दात राहिला होता. मालकांनी त्यावरून अंगठा फिरवला.

“दात राहिलाय, वहिनी.”

“चौकटीत जाईल. दुसरी आणा.”

दुसऱ्या काचेला हात अर्ध्यावर किंचित मंदावला. उरलेल्या दहांत तो थांबला की नाही, हे मालकांनी पाहिले नाही. ते चौकटी मोजायला गेले होते. संध्याकाळी वहिनींच्या जागेवरून पुठ्ठ्यांचा डिंक हलवण्यात आला आणि कापणीचे टेबल त्यांचेच राहिले.

टाके घालणाऱ्या डॉक्टरांचे म्हणणे असे की अशा जखमेला सहा-सात महिने लागतातच आणि हात एरवीही बसला असता. ते खोडून काढायला माझ्याकडे पुरावा नाही. नणंदेने निर्णय माझ्यावर न सोपवता स्वतःच करून टाकला: तिने वहिनींना डॉक्टरांकडे नेले नाही आणि त्यांच्या पायाही पडली नाही. तिने मिठाचा डबा बदलला, म्हणजे निदान वहिनींसाठी तरी प्रश्न खरा राहील.

ढोलवाल्या मावशी २००३ साली वारल्या. वहिनींनी कापणीचे टेबल २०११च्या ऑगस्टमध्ये सोडले. २०१२च्या ऑक्टोबरात घराला रंग दिला गेला, तेव्हा नणंदेने रंगाऱ्याला दाराची आतली बाजू तशीच ठेवायला सांगितली.