घोट्याची पकड

लग्न करून मी जळगावच्या पूर्वेकडच्या त्या केळीच्या गावात आले, तेव्हा नवऱ्याची नीट ओळख व्हायच्या आधी त्याच्या कौतुकाशीच माझी ओळख झाली. विहिरीवर गेले तर कौतुक, चक्कीवर दळण घेऊन गेले तर कौतुक. चक्कीवाला म्हणाला, "तू त्याची बायको का? अरे बाप्पा! परवा पाहायला पाहिजे होतं तू. सावद्याचा गडी आत आला अन् यानं असा घोटा धरला ना त्याचा, रडकुंडीला आणला!" एकदा बांगड्या भरायला मनियारीण आली, तर तीसुद्धा माझा हात दाबता दाबता म्हणाली, "तेरे मरद के हाथ में तो लोहा है, बेटी." माझा हात दुखत होता, मी हो म्हटलं.

खेळ हुतूतूचा. आता सगळे कबड्डी म्हणतात. समोरचा गडी दम धरून आत येतो, कोणाला तरी शिवतो आणि मधली रेघ गाठायला पळतो. त्याचा दम सुटेपर्यंत त्याला आत अडवून धरायचं, ते आमच्या ह्यांचं काम. एरवी लोक टाळ्या वाजवतात त्या चढाई करणाऱ्याला. पकडणाऱ्याकडे कोण बघतं? पण आमच्या गावानं उलटंच धरलं होतं. हे डाव्या कोपऱ्यात उभे राहायचे, वाकून, हात गुडघ्यांवर ठेवून, आणि गाव म्हणे चढाई सोडून त्या कोपऱ्याकडेच बघत बसायचं. घोरपड म्हणायचे ह्यांना. एकदा चिकटली की चिकटली.

हे सगळं मी ऐकून सांगते आहे. बायकांनी मैदानावर जायची रीत नव्हती. घरी येऊन हे स्वतः एक अक्षर बोलायचे नाहीत. "जिंकलो," म्हणायचे आणि ताटावर बसायचे. भाजीला मीठ कमी असलं तरी बोलायचे नाहीत. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कळून घ्यावंसंही वाटत नव्हतं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती, मी अठराची होते, आणि मला फक्त धुळ्याला परत जायचं होतं.

धुळ्याला माझी आई एकटी होती. माझी बोली तिकडची, 'आहे'ला 'शे' म्हणणारी. सासरी मी चुकून "काय शे?" म्हणाले की नणंदा पदरात तोंड घालून हसायच्या. "आली शेवाली!" म्हणायच्या. सासू वाईट नव्हती, पण तिच्या घरात मी पाहुणीच होते. म्हणून धुळ्याच्या कापड गिरणीतून निरोप आला तेव्हा मला प्रथमच त्या हुतूतूत रस वाटला. गिरणीला आपल्या टीमसाठी पकडणारा गडी हवा होता. धुळ्याला मोठे सामने होते, त्यात साहेब ह्यांचा खेळ बघणार होते, आवडला तर खात्यात कायमची नोकरी. राहायला माझ्या आईचं घर होतंच. भाऊबंदकीतल्या चार बिघ्यांत आम्हाला काही मिळणार नव्हतं, हे ह्यांनाही माहीत होतं. त्या रात्री ते आपणहून बोलले, "धुळ्याचं पाणी कसं आहे गं?" मी म्हणाले, "गोड शे." ते हसले नाहीत. मला फार बरं वाटलं.

धुळ्याच्या सामन्यांच्या आधी जळगावला एक सामना झाला आणि त्यात ह्यांचा उजवा गुडघा मुरगळला. गाडीत घालून आणलं तेव्हा गुडघा पपईएवढा झाला होता. दुसऱ्या दिवशी सासूबाई आणि मी त्यांना जळगावच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि बजावून सांगितलं की पाय सरळ ठेवून पडून राहायचं, चोळायचं नाही, शेकायचं नाही, कोणी हात लावायचा नाही. धुळ्याचे सामने जवळ आलेत म्हटल्यावर म्हणाले, "आत्ता गप्प पडला तर पुढच्या वर्षी खेळेल." सासूबाईंनी मान हलवली. मीही हलवली.

पण गाव कुठं गप्प बसतंय! संध्याकाळपासून रांग लागली. एकानं तिळाचं तेल आणलं, एकानं आंबेहळद उगाळून आणली, एक म्हातारा शेजारच्या गावाहून कसलासा पाला घेऊन चालत आला. प्रत्येकाला ह्यांच्या पायाला हात लावायचाच होता. आता प्रेमानं आलेल्या माणसाला हाकलायचं कसं? आमच्याकडे हाकलत नाहीत. चहा करतात. मी चहा करत राहिले आणि ओसरीवर लोक पट्टा सोडून चोळत राहिले. "भो, तू आमची इज्जत आहेस," कोणीतरी म्हणायचं आणि आणखी जोरात चोळायचं.

त्यात मिस्त्रीभाऊ आले. मिस्त्रीभाऊ म्हणजे गावातले बैलगाड्यांची चाकं करणारे सुतार, दांडगे, मोठ्या आवाजाचे. ह्यांचा सामना असला की हातातलं चाक तसंच टाकून जायचे. ह्यांच्यावर पोटच्या पोरासारखी माया. आणि ते होते पायाळू. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. त्याचा पाय लागला की उसण उतरते, लचक बसते, असं सगळे मानतात. गावात कोणाची कंबर धरली की मिस्त्रीभाऊंना बोलावणं जायचं, आणि माणसं बरी व्हायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्यांना बघून मी सासूबाईंना हळूच म्हणाले, "डॉक्टर म्हणाले होते हात लावायचा नाही." मी हळूच म्हणाले तरी ते मिस्त्रीभाऊंना ऐकू गेलं. ते मोठ्यानं हसले. "सूनबाई, हात कोण लावतंय? मी पाय लावतोय!" सगळी ओसरी हसली. सासूबाईही हसल्या.

सकाळी सूर्य उगवता उगवता, उपाशीपोटी, ह्यांना अंगणात आडवं केलं. गुडघ्याखाली घोंगडीची घडी ठेवली. दोघांनी खांदे धरले. मिस्त्रीभाऊंनी पाय धुतले, नमस्कार केला आणि टाच दिली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा गुडघ्यात काहीतरी वाजलं, उंबऱ्यापर्यंत ऐकू आलं. "बसलं!" मिस्त्रीभाऊ ओरडले. "ऐकलं का? बसलं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण सगळे बघत होते म्हणून हे हसले. मी उंबऱ्यात उभी होते. मला ओरडायचं होतं. पण कोणावर ओरडायचं तेच कळेना. मिस्त्रीभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

चार दिवसांत सूज उतरली. हे लंगडत का होईना चालायला लागले. गाव म्हणालं, बघा, डॉक्टरला काय कळतं! मीही मनात म्हटलं, बसलं असेल. मला धुळ्याला जायचं होतं ना. मी माझी पेटी भरून ठेवली.

कापसाच्या गाठी नेणारा ट्रक ठरवून अख्खं गाव धुळ्याला गेलं. मी आणि हे एसटीनं, एरंडोल-पारोळा करत. आईनं ह्यांना दारातून आत येताना पाहिलं आणि पाय धुवायला पाणी द्यायच्या आधी मला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरी, हाऊ पाय बरा नही शे." मी म्हटलं, "लोक म्हणतात बरा आहे." ती म्हणाली, "लोकस्नं काय जास?" लोकांचं काय जातंय! बरोबरच होतं तिचं. पण गिरणीचे साहेब दुसऱ्या दिवशी येणार होते, परत परत येणार नव्हते.

मैदान आईच्या गल्लीच्या टोकाला होतं. शेजारणीच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, चढलं की सगळं दिसायचं. तिथून मी माझ्या नवऱ्याचा खेळ पहिल्यांदा पाहिला. आणि खरंच, मंडळी खोटं बोलत नव्हती. घरात चालताना दाराला खांदा आपटणारा हा माणूस तिथं असा हलका उभा होता की मला ओळखू येईना. समोरचा गडी आला की हे मागे सरायचे, घाबरल्यासारखं दाखवायचे, त्याला कोपऱ्यात येऊ द्यायचे आणि मग खाली वाकून घोटा. बस, संपलं. एक झाला, दुसरा झाला. माझ्या शेजारच्या बायका "व माय!" करत होत्या. त्यांना माहीत नव्हतं मी कोण ते. माझ्या अंगावर काटा आला होता, आणि मी कोणाला सांगितलं नाही.

शेवटी शेवटी दोन्ही बाजू बरोबरीत होत्या. समोरून एक उंच, जाड गडी आला. ह्यांनी त्याचा घोटा धरला, तसा तो सगळ्या अंगानिशी रेघेकडे कोसळला आणि ह्यांचा उजवा पाय त्याच्या खाली अडकला. गुडघा बाहेरच्या बाजूला वळला. गुडघा तसा वळत नाही. मी धाब्यावरून पाहिलं ते. ह्यांचं तोंड उघडं होतं. आमचं गाव रेघेला चिकटून ओरडत होतं, "सोडू नको! घोरपड, सोडू नको!" मिस्त्रीभाऊ सगळ्यांत पुढे. तो गडी ओढत होता, हे फरपटत होते, आणि गुडघा आणखी एकदा वळला. मग त्याचा दम सुटला.

जिंकलो. लोक आत धावले. ह्यांना मिस्त्रीभाऊंनी खांद्यावर घेतलं, दोघांनी एकेक पाय धरला आणि मैदानाला फेरी मारली. हे ओरडत होते. सगळ्यांना वाटलं आनंदानं ओरडतायत. गुलाल उधळला, हे दिसेनासे झाले, फक्त ओरडणं येत होतं. मी जिना उतरले. उतरताना मला काही वाटत नव्हतं. रडू येईल म्हणून मी वाट पाहिली, आलं नाही. पुढे कित्येक वर्षं आलं नाही.

रात्रभर हे आईच्या घरात कॉटवर पडून होते. बाहेर गल्लीत आमचं गाव कोंडाळं करून तीच पकड पुन्हा पुन्हा सांगत होतं. प्रत्येक वेळी तो समोरचा गडी आणखी उंच होत होता.

सकाळी गिरणीचे साहेब आले. नारळ आणला, फेटा आणला. कॉटजवळ खुर्ची दिली, बसले. "असा पकडणारा मी आयुष्यात पाहिला नाही," ते म्हणाले. "जीव गेला तरी सोडणार नाही, असा माणूस." त्यांनी बरंच कौतुक केलं. मनापासून केलं, उगाच कशाला खोटं बोलू. आई चहाची कपबशी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "साहेब, कौतुक ऱ्हाऊ द्या. नोकरीनं काय ते सांगा."

साहेब म्हणाले, "पाय बरा झाला की सरळ माझ्याकडे या." आणि उठले.

मोठा माणूस उठला म्हणून हेही उठायला गेले. कसे उठले कोण जाणे, पण दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभे राहिले आणि हात जोडले. त्याबरोबर उजवा पाय गुडघ्यातून बाजूला गेला, ढिल्या बिजागरीच्या दारासारखा. आईनं कपबशी टाकून त्यांना धरलं. साहेबांनी तो पाय पाहिला. चपला घातल्या आणि गेले. गल्लीत लोकांनी त्यांना घेरलं, "काय पकड होती ना साहेब!" तेही म्हणाले, "होती, होती."

आईनं बशीचे तुकडे गोळा केले आणि मागच्या दारी गेली. मी ह्यांना आडवं केलं, उशी सारखी केली. गावाकडच्या ट्रकचा हॉर्न वाजत होता, लोकांना परतायची घाई झाली होती. ह्यांनी डोळे मिटले होते. मला वाटलं झोपले.

"तू पाहिलंस ना काल?" ते म्हणाले.

"पाहिलं."

"मग? सगळे बोलले. तू एकटीच काही बोलली नाहीस."

लोकांनी बोलायचं काही शिल्लक ठेवलंच नव्हतं. "सोडून द्यायचं होतं त्याला," मी म्हणाले. "पहिल्यांदा पाय वळला तेव्हाच सोडायचं."

मला वाटलं चिडतील.

"मी सोडतच होतो गं," ते म्हणाले. "पण सगळे ओरडत होते ना."