उन्हात वाचायची गोधडी

गच्चीवर आईची गोधडी वाळत होती. मागून ऊन आलं आणि आतल्या थरातली फिकट निळी अक्षरं दिसू लागली: ‘पाणी आमच्या हक्काचं’.

मोर्चा संपला की बॅनरचं मांजरपाट आई घरी आणायची, धुऊन धुऊन मऊ करायची आणि गोधडीत घालायची. आई-बाबांची ओळखही त्या बॅनरनंच करून दिली. एक काठी हिच्या हातात, दुसरी त्यांच्या. बाबा बुटके, त्यामुळे मागणी कायम तिरकी! आई अजून सांगताना हसून लाल होते.

पाणी आलं, तेही एक दिवसाआड. पण एवढ्या संतापाखाली मी लहानपणी किती गाढ झोपले! आजीच्या लुगड्याचा काठ बाहेर, आईची घोषणा आत. मला वारशात आलंय ते एवढंच, आणि ते चांगलं उबदार आहे.

मला सहावा महिना लागलाय. काल बाळासाठी दुकानातून नवंकोरं दुपटं आणलं, तर आईनं चिमटीत धरून बाजूला ठेवलं.

“टोचेल गं त्याला. उद्या टेकडी वाचवायच्या मोर्चाला जाणार आहेस ना?”

“हो.”

“मग फ्लेक्स नको, बॅनर कापडीच करा. तीन महिन्यांत मऊ होईल.”