डावा हात पाठीमागे

शिवांजली फाळके कामाला हात घालण्याआधी कानातले, घड्याळ आणि गळ्यातली साखळी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकते. गाडीतल्या जाड नारिंगी केबलजवळ जाताना डावा हात पाठीमागे धरते. चार्जरची गन, म्हणजे गाडीत बसवायचं टोक, हातात घेतली की आधी हुंगते. चहा अर्धा पिते. उरलेला गार झाल्यावर एका घोटात संपवते. दर शनिवारी वडिलांच्या जुन्या स्कूटरचा एक स्क्रू काढते, आणि तेवढ्यात कुणीतरी येतं. नवी गाडी दारात आली की काय बिघडलंय ते विचारत नाही. विचारते, "गाडी रात्रीची कुठं झोपती?"

ही शेवटची सवय अलीकडची. ती रंगूबाईंमुळे लागली. लागली तेव्हा अबोली तिथेच होती.

अबोली साताऱ्याची. मराठीत एम.ए. झालेली, आता कॉलेजात तासिकेवर शिकवणारी. सांगलीला शिकताना दोघी तीन वर्षं एका खोलीत राहिल्या. तेव्हा शिवांजली खोलीतला पंखा खोलून बसायची आणि अबोली घामाघूम होऊन कविता वाचायची. आता अबोली शनिवारी दुपारी कोरेगावला येते आणि मैत्रिणीच्या गॅरेजमध्ये स्टुलावर बसते. पाठीमागे धरलेला तो डावा हात तिला ऐटबाज वाटायचा. एकदा तिने तसं म्हटलंही.

"ऐट कसली?" शिवांजली हसली. "दोन्ही हात आत घातले आणि करंट एकातून शिरून दुसऱ्यातून निघाला, तर मधे काळीज लागतं. आप्पांनी शिकवलंय."

आप्पा म्हणजे तिचे वडील, सुभेदार मानसिंग. पलटणीत वीस वर्षं त्यांनी गाड्यांची वायरिंग केली होती. अबोलीने त्या दिवसापासून स्टूल दोन फूट मागे घेतलं.

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी एक पांढरी इलेक्ट्रिक गाडी दारात येऊन थांबली. स्टिअरिंगमागे नऊवारीतल्या, साठी ओलांडलेल्या बाई होत्या. शेजारी त्यांचे यजमान, दोन्ही हात डॅशबोर्डला घट्ट लावून बसलेले.

"उतरा आता," बाई म्हणाल्या. "पोचलो."

"पोचलो, का बंद पडली?" ते म्हणाले.

रंगूबाई आणि कोंडीबा तासगावचे. द्राक्षाची बाग, बेदाण्याचं शेड. लेक साताऱ्यात दिलेली. पंधरा दिवसांनी रंगूबाई स्वतः गाडी चालवत लेकीकडे जात, वाटेत फास्ट चार्जरवर गाडी भरून घेत. पूर्वी चहा पिऊन, गप्पा मारून होईस्तोवर गाडी तयार असे. आता चार्जिंग जोरात सुरू होई आणि सात मिनिटांत ढेपाळे. कंपनीच्या वर्कशॉपने सांगितलं होतं, बॅटरी गेली. नवी यायला तीन महिने. म्हणून मुलाने, धैर्यशीलने, गाडी बदलून डिझेलची घ्यायचं ठरवलं होतं. सोमवारी सकाळी ही गाडी जाणार होती.

"घ्या की मग डिझेल," शिवांजली म्हणाली.

"क्लच कुणाच्या गुडघ्यानं दाबू गं? हिला क्लच न्हाई, गिअर न्हाई, म्हणून साठीत शिकले मी. ही गेली की माझं ड्रायविंग गेलं. मग हायच, पोराला म्हणायचं सोड रं बाबा मला साताऱ्याला, आन त्यानं म्हणायचं, उद्या बघू. चाळीस वर्सं 'उद्या बघू' ऐकलंय मी."

रंगूबाई हे मुलाबद्दल म्हणत होत्या, पण बघत कोंडीबांकडे होत्या. कोंडीबा टायर न्याहाळू लागले.

शिवांजलीने कानातले बरणीत टाकले. सातारा रस्त्यावर पेट्रोल पंपाशेजारी दोन फास्ट चार्जर आहेत. तिथे रंगूबाईंनीच गाडी नेली. शिवांजलीने जळका वास येतोय का म्हणून गन हुंगली, मग गाडीच्या चार्जिंगच्या तोंडात बसवली. स्टिअरिंगखाली टॅब जोडला. पडद्यावर आकडे धावू लागले.

"अठ्ठेचाळीस किलोवॅट," ती म्हणाली. "झकास चाललंय."

"थांब. आता पडंल बघ," रंगूबाई म्हणाल्या.

सातव्या मिनिटाला आकडा चौदावर आला.

"बघा!" कोंडीबा म्हणाले. त्यांना बिघाड खरा ठरल्याचा आनंद झाला होता. बायकोने वळून पाहिलं तसा तो मावळला.

शिवांजलीने गाडी शेजारच्या चार्जरला लावली. तिथेही तेच. म्हणजे चार्जरचा दोष नाही. मग तिने बॅटरीतल्या सेलांची यादी उघडली आणि बोट खाली खाली नेलं.

"बॅटरी म्हातारी असती तर एखादा सेल तरी मागं राहिला असता. हे समदे कवायतीला उभं राहिल्यागत एका रांगेत हायत. तापलेपण न्हाईत."

"मग अडवतंय कोण?" अबोलीने विचारलं.

"गाडी सोताच. ती चार्जरला म्हणती, हळू दे. कायतरी भाजतंय तिला."

बोट यादीच्या तळाशी थांबलं. चार्जिंगच्या तोंडाचं तापमान: अठ्ठ्याऐंशी.

"मावशी, पोट धडधाकट हाय. भूक बी हाय. तोंड आलंय हिचं."

अबोली थक्क झाली. कित्येक उपमा तिने फळ्यावर समजावून सांगितल्या होत्या. इतकी जागच्या जागी बसलेली एकही नव्हती.

गॅरेजमध्ये परत आल्यावर शिवांजलीने तोंडात टॉर्चचा उजेड टाकला. आतल्या दोन जाड पिना चकचकीत असायला हव्यात. त्या तव्यासारख्या काळ्या होत्या.

"एवढंच व्हय?" कोंडीबांनी खिशातून पॉलिशपेपरचा तुकडा काढला. "आत्ता घासून देतो."

शिवांजलीने त्यांचं मनगट धरलं. "काका, वरचा चांदीचा मुलामा निघून जाईल. मग तर भट्टीच."

"चांदी?" रंगूबाई सावरून बसल्या. "गाडीत चांदी असती?"

"पातळ असती. काळी पडली की करंट अडतो आणि पीन तापती. पण ती काळी कशानं पडली? हे तोंड बदलता येईल. पण कारण कळलं न्हाई तर सहा महिन्यांत परत हेच, आणि मग धैर्यशीलदादाच खरे ठरणार."

शिवांजली गार चहा हातात घेऊन खाली बघत बसली. रंगूबाईंनी चपला काढून पाय मोकळे सोडले होते.

"मावशी, जोडवी कवापासून काळी हायत?"

"ही? दर हंगामाला पडत्यात. आमच्या शेडातल्या समद्या बायांची. राखंनं घासली की आठ दिस बरी, परत हायेच. बेदाण्याला गंधकाची धुरी देतो न्हवं, पिवळा रंग धरावा म्हणून."

शिवांजलीने चहा एका घोटात संपवला.

"गाडी रात्रीची कुठं झोपती?"

याचं उत्तर कोंडीबांनी छाती पुढे काढून दिलं. "शेडात. धुरीच्या खोलीला लागून. सावली हाय, वारं हाय. बेदाण्यावानी जपतो मी तिला."

"आन हे तोंडाचं झाकण?"

"उघडंच ठेवतो की. हवा खेळती पायजे. कोंदलं की माल काळा पडतो."

"माल!" रंगूबाई कडाडल्या. "आवं, गाडी हाय का द्राक्षं? गंधकाची हवा खेळवून खेळवून काळी केलीत माझी गाडी!"

अबोलीला हसू आवरेना. मग तिची नजर रंगूबाईंच्या जोडव्यांवर गेली. त्या पायांकडे तीही तासभर बघत होती. तिला फक्त पाय दिसले होते.

शिवांजलीने सांगलीला सिद्धूला फोन लावला. तो अपघातातल्या गाड्या सोडवून त्यांचे भाग विकतो. "तीच गाडी हाय माझ्याकडं," सिद्धू म्हणाला. "बोनेट चेपलंय, पण तोंड शाबूत हाय. सकाळच्या विट्यावरनं येणाऱ्या एसटीत ठेवतो."

रंगूबाई आणि कोंडीबा त्या संध्याकाळी अबोलीबरोबर एसटीने साताऱ्याला लेकीकडे गेले. रंगूबाई खिडकीशी बसून वाटभर ड्रायव्हरच्या चुका मोजत होत्या.

रविवारी तिघं सकाळच्या एसटीने परत आली. दहा वाजता सांगलीच्या एसटीच्या कंडक्टरने खोकं हातात दिलं. शिवांजलीने रबरी हातमोजे चढवले, बॅटरीचा मुख्य खटका उपसून काढला आणि आत उरलेला करंट उतरावा म्हणून दहा मिनिटं नुसती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. मग डावा हात पाठीमागे ठेवून मीटर लावला. मीटरवर शून्य आलं. तेव्हा कुठे डावा हात पुढे आला. नवं तोंड बसायला दीड तास लागला. तेवढा वेळ रंगूबाई हातात किल्ली धरून उभ्या होत्या.

चार्जरवर पुन्हा चौघं पडद्यापुढे. पाच मिनिटं. सहा. सात. कोंडीबांनी डोळे मिटून घेतले. आठ. आकडा अठ्ठेचाळीसवरच. तोंडाचं तापमान बेचाळीस.

"पडंना की गं!" रंगूबाई म्हणाल्या आणि तिथूनच मुलाला फोन लावला. "धैर्या, त्या डिझेलवाल्याला माझा निरोप दे. म्हणावं, उद्या बघू."

शिवांजलीने जाताना दोन अटी घातल्या. झाकण कायम बंद, आणि गाडी शेडापासून लांब, दारातल्या चिंचेखाली.

"चिंचंखाली पाखरं घाण करत्यात," कोंडीबा कुरकुरले.

"ती पाण्यानं निघती, काका."

त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी अबोली आली तेव्हा शिवांजली स्कूटरपाशी उकिडवी बसली होती. आप्पांची ही स्कूटर विजेवर चालवून दाखवायची, असं तिने दोन वर्षांपूर्वी त्यांच्या वाढदिवसाला कबूल केलं होतं. दर रविवारी आप्पा विचारत, "माझी तोफ कवा निघणार?" बाजूच्या पत्र्याचे तीन स्क्रू निघाले होते. चौथ्याला तिने पेचकस लावला. फोन वाजला.

रंगूबाई होत्या. फोन लांब धरला तरी आवाज गॅरेजभर पोचत होता.

"पोरी, मी चाललीय साताऱ्याला, गाडी मस्त हाय. पर आमच्या शेजारच्या शेडांत आजून चार इलेक्ट्रिक गाड्या हायत. आज समद्यांची झाकणं बघितली मी. समदी उघडी!"

शिवांजलीने कानातले बरणीतून काढून कानात घातले, तीन स्क्रू त्याच बरणीत टाकले आणि अबोलीला म्हणाली, "चल, तासगाव बघून येऊ."

स्कूटरचा पत्रा चौथ्या स्क्रूवर लोंबत राहिला.