मध्येच टोकण्याचा मान

लुटगार्ड तुला कितपत कळली होती, असं कुणी विचारलं असतं तर रोलंड बातेनला फारसं काही सांगता आलं नसतं. बेल्जियममधल्या गेंटच्या विद्यापीठात दोघंही तत्त्वज्ञान शिकवायची, एकाच मजल्यावर, पण जिन्याच्या दोन बाजूंना.

रोलंड विश्लेषक, म्हणजे प्रत्येक विधान तर्काने तपासणाऱ्या बाजूचा. तिथे वक्त्याचं दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आत कुणीतरी हात वर करायचाच. कुणी टोकलं नाही, तर बोलणं टोकण्याच्याही लायकीचं नाही असं समजावं. लुटगार्ड खंडीय, म्हणजे फ्रेंच-जर्मन परंपरेच्या बाजूची. तिथे अख्खा निबंध वाचून होईपर्यंत चिडीचूप ऐकायचं. मध्ये तोंड उघडणारा अडाणी ठरायचा.

एकदा लुटगार्डने वाट पाहण्यावर निबंध वाचला. रोलंड मुद्दाम गेला आणि तिच्या बाजूची रीत पाळून गप्प बसला. पुढे बरीच वर्षं ती जिन्यात भेटली की नुसती मान हलवायची. का, ते त्याला उमगलं नाही.

निवृत्तीच्या आधी तिने त्याला उपाहारगृहात गाठलं. सूप ढवळत म्हणाली, "माझं शेवटचं व्याख्यान आहे. विषय तोच. ये, पण मागच्यासारखा पुतळा होऊन बसू नकोस."

"अगं, तो मान दिला होता तुला."

"मान? मला वाटलं, माझ्यात खोडण्याजोगंही काही सापडलं नाही तुला. सगळा जन्म माना डोलावणाऱ्यांत गेला, रोलंड. एकदा तरी कुणी अडवावं."

रोलंड मुळात बुजरा. त्या बाजूच्या भरल्या सभेत बोलणं त्याला नको वाटत होतं. तरी तो गेला.

ती वाचू लागली, "वाट पाहताना आपण वेळात राहत नाही, वेळच आपल्यात राहायला येतो."

त्याने हात वर केला. पुढच्या रांगेतल्या माना गर्रकन वळल्या.

"मुलाची वाट पाहणाऱ्या आईचं पटतं," तो चाचरत म्हणाला. "पण ट्रामसाठी थांबलेल्याकडेही वेळ राहायला येतो का?"

लुटगार्डने कागद खाली ठेवले. "त्याच्याकडे बहुधा नाही. म्हणजे माझं वाक्य जरा जास्तच ऐसपैस झालं." मग ती न वाचताच बोलत राहिली, हातवारे करत, मध्येच त्यालाच उलटं विचारत. इतक्या खुशीत त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं.

नंतर ती समुद्रकाठी बहिणीकडे राहायला गेली आणि पुन्हा भेट झाली नाही. पण व्याख्यानाच्या त्या संध्याकाळी दोघं ट्रामच्या थांब्यावर शेजारी उभी होती.

"काय गं, आला का वेळ राहायला?"

"वेळ नाही, वारा आलाय. टोपी घाल."